टाकाऊतून शुद्धी : सांडपाण्यातील जड धातू आणि कारखान्यांचा कचरा

(शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाटक आणि इतिहास यांच्या पंक्तीला कारखान्यांचे सांडपाणी बसवावे, हे काहींना विजोड वाटण्याचा संभव आहे. परंतु मराठी ग्रंथव्यवहाराचा आरंभ आठवला की ही शंका फिटते. बाळशास्त्री जांभेकरांनी 1840 मध्ये 'दिग्दर्शन' मासिक काढले, तेव्हा त्यात शास्त्रीय विषयांना मानाचे स्थान होते. ज्ञान मातृभाषेत यावे आणि ते सामान्य वाचकाच्या निर्णयाला उपयोगी पडावे, हा त्यामागील हेतू होता. बेळगावसारख्या गावात तर आजचा विषय दूरचा नाहीच. एका बाजूस उद्यमबागेतील फौंड्र्या आणि यंत्रभागांचे कारखाने, दुसऱ्या बाजूस शहराच्या उत्तरेचा ॲल्युमिना कारखाना, जिल्हाभर पसरलेले साखर कारखाने आणि या सर्वांच्या मध्ये भाताची शेते, अशी येथील वस्ती आहे. येथले पाणी कोठून कोठे जाते आणि जाताना काय घेऊन जाते, हा प्रत्येक घराचा प्रश्न आहे.

अलीकडे एक विधान वारंवार वाचनात येते : एका कारखान्याच्या कचऱ्याने दुसऱ्या कारखान्याचे विषारी पाणी शुद्ध करता येते. काट्याने काटा काढावा तशी ही युक्ती मनाला चटकन पटते. ती कितपत खरी, कोठवर खरी आणि कोणत्या अटींवर खरी, हे तपासणे हा या व्याख्यानाचा उद्देश आहे.

प्रथम शत्रूची ओळख करून घेऊ. पाण्याहून साधारणतः पाचपट किंवा अधिक घन असलेल्या धातूंना रूढ भाषेत जड धातू म्हणतात. शिसे, पारा, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, तांबे, जस्त हे त्यांतील प्रमुख होत. आर्सेनिक हा खरे तर धातुसदृश पदार्थ. पण त्याचे वर्तन तसेच घातक असल्याने त्याची गणना याच मंडळीत होते. या सर्वांचा एक स्वभाव ध्यानी घेण्यासारखा आहे. सांडपाण्यातील सेंद्रिय घाण जीवाणू खाऊन टाकतात आणि काही दिवसांनी ती नाहीशी होते. धातू हे मूलद्रव्य असल्याने तो नाहीसा होत नाही. तो केवळ जागा बदलतो, रूप बदलतो, पाण्यातून गाळात, गाळातून पिकात, पिकातून हाडात जातो. पुढील सर्व विवेचनाचा पाया हाच आहे.

याची किंमत जपानने मोजली. मिनामाता येथील रसायन कारखान्यातून पाऱ्याचे संयुग उपसागरात जात होते. ते माशांत साठले आणि मासे खाणाऱ्या कोळी कुटुंबांच्या मज्जासंस्थेवर त्याने घाला घातला. 1956 मध्ये या रोगाची अधिकृत नोंद झाली. कारखान्याचे पाणी हेच कारण असल्याचे सरकारने मान्य करण्यास 1968 साल उजाडले. त्याच देशात जिन्त्सू नदीच्या खोऱ्यात खाणीचे कॅडमियम नदीवाटे भातशेतीत आले. भात खाणाऱ्यांची, विशेषतः प्रौढ स्त्रियांची हाडे इतकी ठिसूळ झाली की रुग्णांच्या कण्हण्यावरून रोगाला 'इताई-इताई', म्हणजे 'दुखते, दुखते', असे नाव पडले. भातशेतीच्या प्रदेशात राहणाऱ्यांनी हे उदाहरण विशेष लक्षात ठेवावे.

मात्रा किती अल्प असते, तेही पाहण्यासारखे आहे. भारतीय मानक संस्थेच्या 2012 च्या पेयजल मानकानुसार एका लिटर पाण्यात शिसे 0.01 मिलिग्रॅम, कॅडमियम 0.003 मिलिग्रॅम आणि पारा 0.001 मिलिग्रॅम याहून अधिक नसावा. कारखान्यांनी नदी-नाल्यांत सोडावयाच्या पाण्यासाठी 1986 च्या पर्यावरण संरक्षण नियमांखालील सर्वसाधारण मर्यादा अर्थातच सैल आहेत : निकेल लिटरला 3 मिलिग्रॅम, षट्संयुजी क्रोमियम 0.1 मिलिग्रॅम. या दोन आकड्यांतील फरकावरूनच कळते की क्रोमियमच्या या रूपाची कायद्याला किती धास्ती आहे. क्रोमियमची दोन रूपे आहेत. त्रिसंयुजी रूप तुलनेने सौम्य आणि मातीत अडकून पडणारे, तर षट्संयुजी रूप पाण्यात सहज विरघळणारे आणि कर्करोगाला निमंत्रण देणारे. मुलाम्याच्या कारखान्यांत वापरतात ते दुसरे.

हे धातू पाण्यातून काढण्याचा सर्वांत जुना मार्ग चुन्याचा. सांडपाण्यात चुना घालून त्याचा सामू वाढवला की धातूंचा साका बनून तळाशी बसतो. मार्ग स्वस्त आहे, पण त्याला मर्यादा आहेत. प्रत्येक धातूचा साका वेगळ्या सामूला उत्तम बसतो. त्रिसंयुजी क्रोमियमला सामू आठच्या आसपास लागतो, निकेलला दहाच्या आसपास. दोन्ही धातू एकाच टाकीत आले की एकासाठी केलेली सोय दुसऱ्याला मानवत नाही. षट्संयुजी क्रोमियम तर चुन्याला मुळीच दाद देत नाही. आधी आम्लयुक्त पाण्यात त्याचे त्रिसंयुजी रूप करून घ्यावे लागते. शिवाय साका बसल्यावरही काही अंश पाण्यात उरतोच. तो काढण्यासाठी आयन-विनिमयी राळ, सूक्ष्म पडदे किंवा सक्रियित कोळसा वापरता येतो. परंतु पाच-दहा कामगारांच्या मुलामाखान्याला हा खर्च जड जातो, आणि मग पाणी रात्रीच्या अंधारात गटारात सोडले जाते. कचऱ्यापासून केलेल्या स्वस्त पदार्थाचे महत्त्व येथे आहे.

असे पदार्थ धातूला धरतात ते मुख्यतः पृष्ठभागावर. या क्रियेस अधिशोषण म्हणतात. शोषणात स्पंज पाणी पितो तसा पदार्थ आत मुरतो. अधिशोषणात तो पृष्ठभागाला चिकटून राहतो. कोळशाचा हा गुण नवा नाही. वायू कोळशावर धरले जातात हे शील या रसायनज्ञाने 1773 मध्ये दाखवले आणि कोळशाने द्रावणाचा रंग काढता येतो हे लोविट्झने 1785 मध्ये. वाळू आणि कोळशाच्या थरांतून पाणी गाळण्याची रीत आपल्याकडेही परिचित आहे. एक ग्रॅम चांगल्या सक्रियित कोळशात छिद्रांच्या भिंती मिळून 500 ते 1500 चौरस मीटर पृष्ठभाग सामावलेला असतो. मात्र धातूच्या बाबतीत क्षेत्रफळाइतकेच त्या पृष्ठभागाच्या विद्युतभाराला महत्त्व आहे. लोह किंवा ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडचा पृष्ठभाग आम्लयुक्त पाण्यात धनभारित आणि अल्कयुक्त पाण्यात ऋणभारित होतो. शिसे, कॅडमियम, निकेल पाण्यात धनभार घेऊन असतात, म्हणून त्यांना ऋणभारित पृष्ठभाग हवा. षट्संयुजी क्रोमियम आणि पंचसंयुजी आर्सेनिक ऋणभार घेऊन असतात, म्हणून त्यांना उलट परिस्थिती हवी. 'अमुक पदार्थ सर्व धातू काढतो' असा दावा ऐकला की पहिला प्रश्न विचारावा : कोणत्या सामूला?

आता आपल्या परिसरातील तीन टाकाऊ पदार्थांकडे वळू.

पहिला पदार्थ लाल चिखल. कोल्हापूर जिल्ह्यातील सह्याद्रीच्या पठारांवरचे बॉक्साइट बेळगावच्या कारखान्यात येते. कार्ल योझेफ बायर याने 1888 च्या सुमारास शोधलेल्या पद्धतीने ते दाहक सोड्यात तापवून ॲल्युमिना विरघळवून घेतात, आणि न विरघळलेला भाग मागे उरतो तो हा चिखल. जगभराचा ठोकळ हिशेब असा की एक टन ॲल्युमिनामागे साधारण एक ते दीड टन चिखल निघतो. लोहाच्या ऑक्साइडमुळे त्याला लाल रंग येतो. ॲल्युमिनियम, सिलिका आणि टायटॅनियमची संयुगेही त्यात असतात. एका ग्रॅममागे त्याचा पृष्ठभाग साधारण 10 ते 30 चौरस मीटर, म्हणजे सक्रियित कोळशाच्या मानाने अल्प. पण तो लोह-ऑक्साइडचा असल्याने धातूंना प्रिय. इस्तंबूल विद्यापीठातील संशोधकांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लाल चिखल आणि कोळशाची राख यांवर तांबे, शिसे आणि कॅडमियम धरून दाखवले. तुर्कस्तानातीलच दुसऱ्या अभ्यासांत आर्सेनिकवर प्रयोग झाले, आणि त्रिसंयुजी आर्सेनिकला किंचित अल्क तर पंचसंयुजी आर्सेनिकला तीव्र आम्ल परिस्थिती मानवते असे आढळले. सामूच्या प्रश्नाचे महत्त्व यावरून स्पष्ट व्हावे.

दुसरा पदार्थ साखर कारखान्यांच्या बॉयलरची राख. ऊस पिळल्यावर उरलेले बगॅस बॉयलरमध्ये जाळतात आणि धुरासोबत उडणारी राख पकडून ढीग लावतात. या राखेत सिलिकेबरोबर अर्धवट जळलेला सच्छिद्र कोळसाही असतो. रुडकी येथील संशोधकांनी 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून या राखेवर पुष्कळ काम केले. शिसे, क्रोमियम, कॅडमियम आणि निकेल धरण्याची तिची क्षमता त्यांनी अभ्यासली. सर्व राख सारखी नसते, हे मात्र विसरता येत नाही. भट्टीत जळण पूर्ण झाले तर कोळसा उरत नाही आणि राख निरुपयोगी ठरते. ज्या बॉयलरचा कारभार उत्तम, त्याची राख या कामी निकृष्ट, असा हा विरोधाभास आहे.

तिसरा पदार्थ फौंड्रीची टाकाऊ वाळू. साच्यासाठी वाळूत बेंटोनाइट माती आणि कोळशाची पूड मिसळतात. वारंवार तापून ती निकामी झाली की फेकून देतात. त्यातील माती धन आयन धरते, कोळसा सेंद्रिय द्रव्ये धरतो आणि लोखंडाचे बारीक कण आपले काम करतात. अशा वाळूने पाण्यातील जस्त काढता येते, असे 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले गेले. पण रासायनिक राळेने बांधलेली वाळू आणि पितळ ओतणाऱ्या फौंड्रीतील वाळू या कामी चालत नाही. पहिलीतून फिनॉलसारखी द्रव्ये आणि दुसरीतून शिसेच पाण्यात उतरण्याचा धोका असतो.

या त्रयीत औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेचाही उल्लेख करावयास हवा. ही राख दाहक सोड्याच्या द्रावणात सुमारे 100 अंश सेल्सिअसला तापवली की तिचे झिओलाइट या खनिजात रूपांतर होते. जर्मनीतील संशोधकांनी 1985 मध्ये ही वाट दाखवली. झिओलाइटच्या जाळीदार रचनेत सोडियम असतो, आणि तो सोडून त्या जागी ते शिसे किंवा कॅडमियम घेते. दख्खनच्या काळ्या पाषाणातील पोकळ्यांत निसर्गाने हेच खनिज लक्षावधी वर्षांत घडवले. पुणे आणि नाशिक परिसरातील त्याचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत आहेत. निसर्गाचे काम माणसाने दिवसांत उरकले, पण त्यासाठी सोडा आणि इंधन खर्ची पडले. तेव्हा 'कचरा फुकट असतो' हे विधानही पूर्ण खरे नव्हे.

येथवर चित्र आशादायक आहे. आता एक छोटा हिशेब मांडू, कारण खरी परीक्षा हिशेबात होते. समजा, एका मुलामाखान्यातून रोज 5,000 लिटर धुवण बाहेर पडते आणि लिटरला 20 मिलिग्रॅम निकेल त्यात आहे. म्हणजे रोज 100 ग्रॅम निकेल. समजा, आपला स्वस्त पदार्थ एका किलोमागे 5 ग्रॅम निकेल धरतो. मग रोज 20 किलो पदार्थ लागेल. वर्षाचे 300 कामाचे दिवस धरले तर 6 टन. एवढा निकेलयुक्त कचरा त्या छोट्या कारखान्याच्या दारात साठेल. याउलट आधी चुन्याने साका बसवून निकेल 3 मिलिग्रॅमवर आणले आणि केवळ उरलेल्यासाठी हा पदार्थ वापरला, तर रोज 15 ग्रॅम निकेल धरायचे राहते. त्यास 3 किलो पदार्थ पुरतो, वर्षाला 900 किलो. म्हणजे चुन्याला रजा देण्याचे काम या पदार्थांचे नव्हे. चुन्याने जेथे हात टेकले तेथून पुढे जाण्याचे काम त्यांचे. असे काम वाटून दिले नाही, तर स्वस्त पदार्थ महाग पडतो.

या हिशेबातूनच दुसरा, अधिक गंभीर प्रश्न उभा राहतो. धातू नाहीसा होत नाही, हे आरंभी सांगितले. मग निकेलने भरलेला तो पदार्थ जातो कोठे? 2016 च्या घातक कचरा नियमांत लाल चिखल आणि राख यांना 'आकारमान मोठे, परिणाम अल्प' अशा वर्गात टाकून घातक कचऱ्यापासून वेगळे केले आहे. पण तोच चिखल शिसे किंवा कॅडमियम पिऊन आला, की त्याची ही सवलत गृहीत धरता येत नाही. तो रस्त्याच्या भरावात किंवा शेताच्या बांधावर टाकला, तर नाल्यातील विष शेतात नेऊन ठेवल्यासारखेच झाले. नाल्यातील विष निदान वाहत होते, दिसत होते; बांधाखालचे दिसणारही नाही.

येथे परीक्षेची एक बारीक बाब समजून घेणे इष्ट आहे. लाल चिखल स्वतः तीव्र अल्क असतो. धातुयुक्त पाण्यात तो नुसता टाकला तरी पाण्याचा सामू वाढतो आणि धातूचा साका बसतो. प्रयोगशाळेत पाणी स्वच्छ दिसते आणि अहवालात 'अधिशोषण' असे लिहिले जाते. प्रत्यक्षात ते चुन्याचेच काम चिखलाच्या नावावर झालेले असते. असा साका पुढे आम्लयुक्त पाण्याच्या संपर्कात आला की धातू पुन्हा मोकळा होतो. पृष्ठभागाशी घट्ट बांधला गेलेला धातू त्या मानाने इतक्या सहज सुटत नाही. म्हणून वापरलेला पदार्थ सौम्य आम्लात हलवून त्यातून काय बाहेर येते हे पाहणारी निक्षालन चाचणी, ही या विषयातील खरी कसोटी होय. तीच कसोटी पदार्थ वापरण्यापूर्वीही घ्यावयास हवी, कारण चिखलात आणि राखेत मुळातच थोडे क्रोमियम, आर्सेनिक, व्हॅनेडियम असू शकते. शुद्ध पाण्यात एकटाच धातू विरघळवून केलेल्या प्रयोगावरही फार विसंबू नये. खऱ्या सांडपाण्यात कॅल्शियम असते, साबण असतो, मुलाम्याला चकाकी आणणारी द्रव्ये असतात. ती पृष्ठभागावर धातूशी स्पर्धा करतात किंवा धातूला आपल्याच मिठीत धरून ठेवतात.

आणि मूळचा कचराही निरुपद्रवी नसतो, याचे स्मरण ठेवावे. हंगेरीत आयका येथे 4 ऑक्टोबर 2010 रोजी लाल चिखलाच्या तलावाचा बांध फुटला. अल्कयुक्त चिखलाचा लोंढा गावांत शिरून 10 माणसे मृत्युमुखी पडली. झारखंडमध्ये मुरी येथे एप्रिल 2019 मध्ये साठवलेला लाल चिखल ढासळला. चिखल वापरावयाचा तर आधी त्याची अल्कता उतरवावी लागते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या किनाऱ्यावर त्यासाठी समुद्राचे पाणी वापरतात. समुद्रापासून दूर असलेल्या ठिकाणी जिप्सम किंवा आम्ल यांचा आधार घेता येतो. त्यानंतर बारीक चिखलाच्या गोळ्या वळाव्या लागतात, कारण चिखल तसाच भरला तर गाळणी तुंबते.

मग हा मार्ग केवळ कागदावरचा समजायचा काय? तसे नाही. अमेरिकेत उत्तर कॅरोलिना राज्यातील एलिझाबेथ सिटी येथे तटरक्षक दलाच्या तळावर एक क्रोमियम मुलाम्याचा विभाग होता. अनेक वर्षे त्याचे द्रव जमिनीत झिरपले आणि षट्संयुजी क्रोमियम भूजलातून नदीकडे सरकू लागले. 1996 मध्ये त्या भूजलाच्या वाटेत आडवा चर खणून तो लोखंडाच्या कणांनी भरण्यात आला. लांबी 46 मीटर, खोली सुमारे 7.3 मीटर, रुंदी 0.6 मीटर. ओतीव लोखंडाच्या भंगारापासून असे कण तयार करता येतात. पाणी त्यातून आपोआप वाहत गेले, लोखंडाने क्रोमियमचे सौम्य त्रिसंयुजी रूप केले आणि ते लोहाच्या साक्यात अडकून पडले. भिंतीपलीकडच्या पाण्यातील क्रोमियम तेथील पेयजलाच्या 0.1 मिलिग्रॅम या मर्यादेखाली आले, आणि पुढे वर्षानुवर्षे त्याचे मोजमाप होत राहिले. या यशात पदार्थाचा वाटा आहे. पण त्याहून मोठा वाटा आधी भूजलाचा नकाशा काढण्याचा आणि नंतर विहिरी खणून सतत तपासण्याचा आहे. ज्या शहरात फौंड्र्या आणि लेथ आहेत, तेथे लोखंडाच्या चुऱ्याला तोटा नाही. तोटा असलाच तर नकाशाचा आणि नोंदींचा.

यावरून काही निष्कर्ष निघतात. एकेका छोट्या कारखान्याने ही प्रक्रिया स्वतंत्रपणे करणे अवघड आहे. औद्योगिक वसाहतीच्या सामायिक केंद्रात ती करता येईल. क्रोमियमचे, निकेलचे आणि सायनाइडचे पाणी उगमापाशीच वेगळे ठेवावयास हवे, कारण एकदा मिसळले की कोणताच पदार्थ धड काम करीत नाही. वापरलेल्या पदार्थाची अखेर काय, हे आरंभीच ठरवावयास हवे. धातू परत काढावयाचा, सिमेंटमध्ये बांधून टाकावयाचा की घातक कचऱ्याच्या अधिकृत भरावात न्यावयाचा, याचे उत्तर ज्या योजनेत नाही ती योजना अपुरी समजावी. आणि सर्वांत स्वस्त उपाय कारखान्याच्या आत आहे. मुलाम्याच्या हौदातून काढलेली वस्तू थोडा वेळ अधिक निथळू दिली आणि धुण्याच्या हौदांची ओळ नीट लावली, तर धातू वाया जात नाही आणि पाण्यातही जात नाही.

पाण्याच्या वाटेचा विचार केला तर ही जबाबदारी अधिक स्पष्ट होते. मार्कंडेय नदी घटप्रभेला मिळते, घटप्रभा कृष्णेला. बॉक्साइट एका राज्यातून येते, ॲल्युमिना दुसऱ्या राज्यात बनतो आणि पाणी तिसऱ्या-चौथ्या राज्यातून समुद्राकडे जाते. सीमेच्या प्रश्नावर आपल्या भागात पुष्कळ बोलले गेले आहे. पाण्यातील कॅडमियम मात्र कोणत्याही भाषेच्या शेतकऱ्याच्या भातात सारख्याच मुकाट्याने शिरते. त्याविरुद्धची सावधगिरीही तितकीच सामायिक असावयास हवी.

अशा कामी ग्रंथालयाला एक विशिष्ट स्थान आहे. नियंत्रण मंडळाचे पाणी-तपासणीचे अहवाल, कारखान्यांच्या पर्यावरणविषयक जनसुनावणीची कागदपत्रे, विहिरींच्या चाचण्यांचे निकाल ही सारी साधने सर्वसामान्यांसाठी आहेत, पण ती विखुरलेली आणि बहुधा परभाषेत असतात. ती एका कपाटात वर्षवार लावून ठेवणे आणि त्यांचा सारांश मराठीत करून देणे हे संदर्भ विभागाच्या आवाक्यातील कार्य आहे. दहा वर्षांच्या नोंदी एकत्र असल्या की एखाद्या विहिरीतील शिसे वाढते आहे की घटते आहे, हे शाळेतला मुलगाही सांगू शकेल. 'कचऱ्याने पाणी शुद्ध होते' असा दावा घेऊन उद्या कोणी आला, तर त्याला तीन प्रश्न विचारता येतील : कोणत्या सामूला, किती किलो आणि वापरल्यानंतर कोठे? ज्या गावातील नागरिक हे तीन प्रश्न विचारतात, तेथे चांगल्या शास्त्राला आदर मिळतो आणि वाईट व्यवहाराला वाट मिळत नाही.